कुसुमकाकूंचं मत

“अध्यक्ष ज्या पद्धतीनं आपलं काम करताहेत, ते तुम्हाला पसंत आहे की नापसंत?” हे एकच वाक्य एखाद्या बाईनं जन्मात किती वेळा म्हणावं, याला काही सुमार? कुसुमकाकू ढवळे ते रोज संध्याकाळी म्हणायच्या. इंग्रजीतून, अस्सल अकोल्याच्या उच्चारात, आणि दर वेळी अशा की जणू हा प्रश्न त्यांना आत्ताच पहिल्यांदा पडलाय. समोरचा माणूस कधी शेतकरी असायचा, कधी नर्स, कधी दारू प्यालेला म्हातारा. सगळे या बाईला आपलं मत सांगून मोकळे व्हायचे. आणि काकूंचं स्वतःचं मत? ते काढून घ्यायला भलेभले येऊन गेले. रिकाम्या हातानं परत गेले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पुण्याहून लग्न होऊन शिकागोत आले होते. नवरा सकाळी कामावर जायचा आणि मी भिंतींशी बोलायची. एकदा डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या दुकानात मी हिंगाच्या डबीवरून दुकानदाराशी हुज्जत घालत होते. डबी उघडलेली होती आणि तो म्हणत होता, तशीच येते. तशीच कशी येते? मी काही सोडायला तयार नव्हते. मागून आवाज आला, “आवाज खणखणीत आहे वो तुझा. फोनवर काम करशील का?”

वळून पाहिलं तर ठेंगणीशी बाई, साडीवर पुरुषी ओव्हरकोट, पायात बर्फातले बूट, हातात मेथीच्या दोन जुड्या. या काकू. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर बसमध्ये होते.

आमची कंपनी जनमत चाचण्या करायची. वर्तमानपत्रांना, टीव्हीवाल्यांना हवं असायचं की देश काय म्हणतोय, आणि आम्ही संध्याकाळी लोकांच्या जेवणाच्या वेळी फोन करून ते विचारायचो. एका बँकेच्या वर लांबलचक खोली, टेबलांच्या मध्ये बुचाच्या फळ्या, प्रत्येकीपुढे एक फोन आणि पेन्सिल. पलीकडे काचेच्या खोलीत डोलोरेस नावाची सुपरवायझर कानाला यंत्र लावून बसायची आणि वाटेल तेव्हा वाटेल तिचा फोन चोरून ऐकायची. चोरून म्हणजे आम्हाला माहीत असायचं की ऐकते, फक्त कधी ते माहीत नसायचं.

मला शिकवायचं काम काकूंकडे आलं. पहिल्याच दिवशी मी प्रश्न वाचला तो जरा हसून, मान हलवून, माणुसकी दाखवून वाचला. काकूंनी पेन्सिल आपटली.

“ढकलगाडी!”

“काय झालं काकू?”

“ढकललंस तू त्याला. ‘पसंत’ म्हणताना आवाज वर नेलास. मंडईत भाव विचारताना ‘महाग आहे ना हो?’ म्हणतेस का आधी? कागदावर आहे तेवढंच वाच. जास्तीचा ‘बरं का’सुद्धा नको.”

त्यांच्या कोशात दोनच पापं होती. एक ढकलगाडी, म्हणजे समोरच्याला उत्तराकडे लोटणारा प्रश्न. दुसरं म्हणजे भलत्याच माणसाचं मत घेणं. कारण नियम असा होता की फोन उचलेल त्याला प्रश्न विचारायचे नाहीत. आधी विचारायचं, घरातल्या मोठ्या माणसांपैकी सगळ्यात अलीकडे वाढदिवस कुणाचा झाला? ज्याचा झाला असेल, त्यालाच फोनवर बोलवायचं. नाहीतर काय होतं, प्रत्येक घरात मतं देणारा एकच बोलभांड असतो आणि देशाचं मत म्हणून त्याचंच छापून येतं.

एकदा एका गृहस्थानं काकूंना ठणकावलं, या घरात मत माझं चालतं. वाढदिवस झालेला बायकोचा. काकू म्हणाल्या, “हो सर. मी थांबते.” तो म्हणाला, ती तळघरात कपडे धुतेय. “मी थांबते.” तिला राजकारणातलं काही कळत नाही. “थँक यू सर. मी थांबते.” आम्ही आपापले फोन सोडून यांच्याकडे बघत बसलो. शेवटी ती बाई आली, घाबरत घाबरत बोलायला लागली, आणि नंतर अशी काही सुटली की काकूंना पेन्सिलीला टोक करायला उसंत मिळेना. फोन ठेवून काकू म्हणाल्या, “पाहा! एवढं भरलेलं होतं तिच्यात, आणि तो म्हणे कळत नाही. मेला!”

मी काकूंवर फिदा होते, सरळच सांगते. चिडल्या की वऱ्हाडी व्हायच्या, डब्यातलं लोणचं डोलोरेसलाही चाटवायच्या, आणि घरी गेलं की वाटीत तर्री वाढून “खाय, डोळ्यातून पाणी आल्याशिवाय जेवण झालं नाही” म्हणायच्या. पण कुणी विचारलं, काकू, तुम्ही कुणाच्या बाजूच्या? की कुलूप. “मी विचारते. मी सांगत नाही.”

त्यांचे यजमान, प्रभाकरकाका, पंपांच्या कारखान्यात इंजिनियर होते. शांत माणूस. आईला भेटायला भारतात निघाले आणि वाटेत युरोपातल्या एका विमानतळावर विमान बदलायला थांबले. तिथं बॉम्ब फुटला. काका गेले. त्यांच्यासारखे आणखी कितीतरी, ज्यांचा बॉम्ब ठेवणाऱ्यांच्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. महिन्याभरात एका टोळीच्या म्होरक्यानं छाती ठोकून सांगितलं की हे आम्ही केलं. त्याचं दाढीवालं तोंड टीव्हीवर रोज दिसायला लागलं. काकूंनी टीव्हीवर टॉवेल टाकून ठेवला.

कामावर परतल्या तेव्हा आम्हाला वाटलं, रडतील. रडल्या नाहीत. कोट अडकवला, पेन्सिल घेतली आणि पहिला नंबर फिरवला. मीच बाथरूममध्ये जाऊन रडून आले. त्यांचा मुलगा निखिल तेव्हा कॉलेजात होता, इथंच जन्मलेला. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर कायम इंग्रजीतून. तो मात्र आतून पेटलेला होता. खोलीत त्यानं त्या म्होरक्याचा वर्तमानपत्रातला फोटो चिकटवला होता. त्याचं काय करायचं ते त्या पोराला कळत नव्हतं, आणि काकूंनी तो काढायलाही लावला नाही.

मग एका शरद ऋतूत, अमेरिकन संसदेच्या, म्हणजे इथल्या काँग्रेसच्या, निवडणुका तोंडावर असताना, बातमी आली. अध्यक्षांनी विमानं पाठवली होती आणि म्होरक्याला त्याच्या लपायच्या जागीच मारलं होतं. रस्त्यावर गाड्या भोंगे वाजवत फिरल्या. डेव्हनवरच्या मिठाईवाल्यानं फुकट पेढे वाटले. आणि आमच्या खोलीत हुकूम आला: ताबडतोब चाचणी घ्या, अध्यक्षांची पसंती किती वाढली ते बघायचंय.

डोलोरेस काकूंजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, “कुसुम, आज तू घरी जा. पगारी सुट्टी.”

“का? माझा आवाज बिघडलाय?”

“तसं नाही. पण आज हे प्रश्न तू कसे...”

“रोज विचारते तसे,” काकू म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढली.

ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. माझी जागा शेजारची. एकामागून एक लोक ओरडून सांगत होते, पसंत! एकदम पसंत! त्या हलकटाला उडवलं! काकू न थरथरता खूण करत होत्या. ज्याच्याविषयी ते ‘उडवलं’ म्हणत होते, त्यानं या बाईचं कुंकू पुसलं होतं, आणि त्यातल्या एकालाही हे माहीत नव्हतं. एक माणूस दक्षिण शिकागोतला होता, पोलादाच्या गिरणीतून काढून टाकलेला. तो म्हणाला, कालपर्यंत मी या अध्यक्षाला शिव्या घालत होतो, आज मात्र पसंत. पुढचा प्रश्न ठरलेला होता: तुमच्या घरची परिस्थिती गेल्या वर्षापेक्षा बरी आहे, वाईट आहे, की तशीच? तो म्हणाला, वाईट. घर विकतोय. काकूंनी तीही खूण केली, आभार मानले, फोन ठेवला, आणि पाण्याचा पेला एका दमात रिकामा केला.

त्या रविवारी काकू आणि निखिल आमच्याकडे जेवायला आले. माझा नवरा सतीश वाद घालायला कायम तयार. पुरणपोळी वाढायच्या आतच सुरू झाला.

“काकू, काही म्हणा, माणसानं हिंमत दाखवली! विमानं पडली असती तर? आपलीच माणसं मेली असती तर? सगळ्यांनी त्यालाच फाडून खाल्लं असतं. मग जमलं तर श्रेय का नाही द्यायचं?”

मला वाटलं, आता कुलूप. पण आज काकू बोलल्या. “हे बरोबर आहे तुझं. याचं उत्तर माझ्याकडे नाही.”

“तो मेला याचं तुम्हाला बरं वाटलं की नाही, सांगा ना!”

“वाटलं,” काकू म्हणाल्या. “खोटं काहून बोलू? ऐकलं आणि त्या दिवशी मला झोप लागली. मेला ते चांगलं झालं. पण ते माझं आणि त्याचं. त्याचे मार्क अध्यक्षांच्या पेपरात काहून? त्या गिरणीवाल्याचं घर चाललंय विकायला आणि तो म्हणतो सगळं पसंत. एक माणूस मारून इतके मार्क मिळतात हे एकदा यांना कळलं, की पुढच्या वेळी मार्क कमी पडले तर हे काय करतील? शोधतीलच ना कुणीतरी! आणि तिथं पाठवतील कुणाला? याच्याच वयाच्या पोट्ट्यांना.”

त्यांनी निखिलकडे बोट केलं. निखिल ताटावरून उठला. “ही गॉट द गाय हू किल्ड पपा. यू कान्ट ईव्हन से थँक यू? व्हॉट काइंड ऑफ...” पुढचं तो बोलला नाही, ते बरं झालं. कोट घेऊन बाहेर गाडीत जाऊन बसला. काकूंनी पोळी संपवली. तूप मागून घेतलं.

खरा पेच पुढेच होता. अध्यक्षांच्या पक्षाचा आमच्या भागातला उमेदवार डेव्हनवर सभा घेणार होता. त्याच्या माणसांना कुठून तरी कळलं की बॉम्बमध्ये गेलेल्या एका माणसाची बायको इथंच राहते. साडी नेसणारी, कष्टाळू विधवा! त्यांना आणखी काय हवं होतं? काकूंनी काकांचा फोटो घेऊन स्टेजवर यायचं, एवढंच. बोलायचंही नाही. दुकानदार मागे लागले, आपल्या लोकांची शान वाढेल म्हणून. इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष दोनदा घरी येऊन चहा पिऊन गेले. काकू म्हणाल्या नाही. पुन्हा नाही. मग निखिलनं सांगितलं, “फाइन. आय विल गो. ही वॉज माय फादर टू.” आणि भिंतीवरचा काकांचा फोटो खिळ्यावरून काढून घेतला.

वडील त्याचेही होतेच. काकूंनी मला फोन केला. “उद्या सभेला येतेस का? मला एकटीला जायचं नाही.”

हॉल खचाखच भरलेला. फुगे, झेंडे, समोशांचा वास. निखिल स्टेजवर फोटो छातीशी धरून उभा, सूट त्याला मोठा होत होता. काकांचाच असावा. उमेदवार उंच, गोरा, हसरा, बोलण्यात गोड. त्यानं काकांचं नाव घेतलं, चुकीचं घेतलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारून काकू उठल्या. ओव्हरकोट माझ्या मांडीवर टाकला आणि थेट स्टेजकडे निघाल्या. या आता काय करणार? उमेदवाराला कुणीतरी कानात सांगितलं, तसा तो पुढे झाला, त्यांचा हात धरून त्यांना वर घेतलं आणि माइक त्यांच्या तोंडासमोर धरला.

“मॅडम, आज आपल्या अध्यक्षांचा तुम्हाला किती अभिमान वाटत असेल, नाही?”

काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं माझ्याकडे पहिल्या दिवशी पाहिलं होतं.

“सर, हा ढकलणारा प्रश्न आहे,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “कृपा करून नीट विचारा.”

हॉलमध्ये हशा पिकला. लोकांना वाटलं, बाई विनोदी आहे. उमेदवारही हसला. काकू हसल्या नाहीत.

“तो असा विचारतात: अध्यक्ष ज्या पद्धतीनं आपलं काम करताहेत, ते तुम्हाला पसंत आहे की नापसंत? आणि तो असा सगळ्यांसमोर, माइक धरून विचारत नाहीत. माणूस घाबरून उत्तर देतो. माझं उत्तर हवं असेल तर मला घरी फोन करा. संध्याकाळी पाच ते नऊ.”

आता कुणी हसत नव्हतं. काकू निखिलकडे वळल्या, पण बोलल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“माझ्या नवऱ्याबद्दल मात्र आत्ता विचारा, सांगते. त्यांचं नाव प्रभाकर. प्रभाकर ढवळे. त्यांच्या बॅगेत आईसाठी गुडघ्याला बांधायचे पट्टे होते आणि पुतणीसाठी रंगाची पेटी. ते कुणाची बाजू घेऊन मेले नाहीत. त्यांना कुणाच्या बाजूला उभं करू नका.”

त्यांनी हात पुढे केला. निखिलनं फोटो घट्ट धरून ठेवला होता. क्षणभर मला वाटलं, आता मायलेकांची ओढाताण होते की काय सगळ्यांदेखत. पण त्यांनी फोटो ओढला नाहीच. नुसता हात पुढे ठेवून उभ्या राहिल्या. मी थांबते, म्हणायच्या ना, तशाच. शेवटी त्यानंच तो दिला. लाल झालेल्या तोंडानं मागच्या दारातून निघून गेला. काकू फोटो पदराखाली घेऊन पायऱ्या उतरल्या आणि मला म्हणाल्या, “चल. बस येईल.”

बसमध्ये मात्र रडल्या. खूप रडल्या. “माझं पोट्टं गेलं वो माझ्या हातचं,” एवढंच म्हणत होत्या. मला तर आतून ओरडावंसं वाटत होतं की काकू, शाब्बास!

आपल्या लोकांत दोन तट पडले. काही दुकानांत काकूंना आधीसारखं ‘या बसा’ मिळेना. मंडळाच्या अध्यक्षांनी दिवाळीचं बोलावणं पाठवलं नाही. आमच्या मालकानंही बोलावून घेतलं, कारण चाचणी घेणाऱ्यांनी जाहीर मत द्यायचं नाही असा नियम होता. काकूंनी शांतपणे विचारलं, “मी मत दिलं का?” मालकानं डोलोरेसकडे पाहिलं, डोलोरेसनं छताकडे. मत कुठं दिलं होतं! संपला विषय. निखिल त्या दिवाळीला घरी आला नाही, पुढच्याही नाही. काकूंनी दोन्ही वेळा त्याच्या वाट्याचे अनारसे करून टपालानं पाठवले. पोचल्याचं कळवलं नाही त्यानं, पण परतही आले नाहीत.

काही काळानं काकूंचा कान दुखायला लागला, डॉक्टरनं फोनचं काम बंद करायला सांगितलं, आणि त्या वाचनालयात पुस्तकं लावायला लागल्या. निखिलला शिकागोतच नोकरी लागली तेव्हा तो परत घरी राहायला आला. पण काकूच सांगायच्या, आम्ही दूध आणि गाडी या दोनच विषयांवर बोलतो. तो सभेचा विषय दोघांनी मिळून कुलूपबंद केला होता. मला मूल झालं, आमचं भेटणं कमी झालं. डोलोरेस निवृत्त झाली आणि काचेच्या खोलीत यंत्र लावून मी बसायला लागले.

विमानं पाठवणारे तेच अध्यक्ष आता पद सोडणार होते, तेव्हाची ही शेवटची गोष्ट. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचा हिशेब करणारी चाचणी चालली होती. तेरेसा नावाची एक नवी मुलगी होती, तिचा आवाज कसा आहे पाहावं म्हणून मी तिची लाइन उघडली. पलीकडून आवाज आला, “येस, ढवळे रेसिडेन्स.”

संगणकानं अख्ख्या शिकागोतून उचललेला नंबर, आणि तो हा! लाइनवर ऐकणाऱ्यानं तोंड उघडायचं नसतं, म्हणून मी ओठ दाबून बसले. संध्याकाळी पाच ते नऊ, म्हणाल्या होत्या. आला की शेवटी फोन!

तेरेसानं विचारलं, घरातल्या मोठ्या माणसांपैकी अलीकडे वाढदिवस कुणाचा झाला?

काकूंचा वाढदिवस मार्चमध्ये. निखिलचा नुकताच झाला होता, मला माहीत होतं. काकू ‘माझा’ म्हणाल्या असत्या तर त्या पोरीला कळणारही नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्यांना विचारलं, आज त्यांना कुणीतरी विचारत होतं. म्हणा हो काकू, मी मनात म्हणाले. एकदा तरी म्हणा.

“माझ्या मुलाचा,” काकू म्हणाल्या. “होल्ड करा.” मग रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज, आणि मोठ्यानं: “निखिल! फोन तुझा आहे.”

“हू इज इट?”

“तुझं मत पाहिजे त्यांना. अध्यक्षांबद्दल.”

निखिल हळू म्हणाला, “यू टेल देम, आई. यू शुड.”

“नंबर माझा नाही. तुझा आहे.” काकूंचा आवाज अगदी साधा होता. “जे वाटतं तेच सांग. माझ्याकडे पाहू नको. मी इथं बसले की तू ढकलल्यासारखा बोलशील. मी मागच्या अंगणात जाते.”

सपाता फरशीवरून गेल्या. दार उघडलं, मिटलं. निखिलनं फोन उचलला. तेरेसानं प्रश्न वाचला, नीट वाचला, आवाज वर न नेता. तो म्हणाला, पुन्हा एकदा वाचाल का? तिनं वाचला. मग त्यानं उत्तर दिलं. पुढच्या सगळ्या प्रश्नांचीही दिली, घाई न करता. काय दिली ते मी ऐकलं आणि ते मी कुणालाही सांगणार नाही. मला शिकवलंय तसं.

तेरेसानं आभार मानले. त्यानं रिसीव्हर लगेच ठेवला नाही. दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग निखिलनं बाहेर हाक मारली. चक्क मराठीत.

“आई, झालं माझं सांगून. ये आत. थंडी आहे. मला तुझं ऐकायचंय.”